मारोतराव मागून येत आहेत

मारोतराव ढोके मॅरेथॉनमध्ये धावताना आपला नंबर पाठीवर लावत. नंबर छापलेला तो कागद, ज्याला धावणारी मंडळी बिब म्हणतात, सगळ्यांच्या पोटावर फडफडत असायचा आणि यांचा मात्र पाठीवर, चारी कोपऱ्यांना पिना लावून, इस्त्री केल्यासारखा ताठ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घाईत चुकलं असेल. सांगायला गेले तर म्हणाले, "समोरून कोण पाहून राहिलं वं मले? मांगून ॲम्ब्युलन्सवाला पाहते. त्याले नंबर दिसला पाहिजे."

ॲम्ब्युलन्सवाला पाहायचा, कारण मारोतराव नेहमी शेवटी असत. नाव मारुतीचं आणि नंबर शेवटचा, यावरून आमच्या मनीषनगरात त्यांची भरपूर थट्टा व्हायची. पण त्यांना पळता येत नव्हतं असं कोणी समजू नये. सकाळी सर्व्हिस रोडवर ते मला सहज मागे टाकायचे, तेही बोलता बोलता. मी दम खात असायची आणि ते मला वांग्याच्या भाजीत कारळ किती घालावं हे सांगत असायचे. शर्यत सुरू झाली, की मात्र या माणसाच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. मागे कोणी दिसलं, की हे थांबले. बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची. भिंतीवरची कोचिंग क्लासची जाहिरात खालपर्यंत वाचायची. एखाद्या कुत्र्याची विचारपूस करायची. मागचा माणूस पुढे गेला, की एकदा वळून पाहायचं, "मांगं कोणी रायलं तं नाही ना?" असं स्वतःलाच विचारायचं आणि मग समाधानाने निघायचं.

आमच्याकडच्या मॅरेथॉन म्हणजे काय, हेही सांगायला हवं. खऱ्या मॅरेथॉनचं अंतर ऐकूनच आमच्यातल्या निम्म्यांना ताप येईल. इथे पाच किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. कोणाच्या जिमचं उद्घाटन असतं, कोणत्या मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष असतं. झेंडी दाखवणारे पाहुणे उशिरा येतात. टी-शर्ट सगळ्यांना एकाच मापाचा, त्यात मी आणि माझी बहीण दोघी मावू. शेवटी हवा भरलेली फिनिशची कमान, एक पदक, एक केळं आणि तर्री-पोहे. खरं सांगायचं तर निम्मी जनता तर्रीच्या वासावर धावते.

मारोतराव आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा प्रफुल्ल पुण्यात. मी शाळेत गणित शिकवते. माझी साखर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ही बातमी जिन्यात त्यांच्या कानावर गेली. म्हणाले, "चालून काय होते? चालत तं माणूस बाजारातबी जाते. पय!" त्यांच्या बोलीत पळ म्हणजे पय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट घालून माझ्या दारात उभे होते. माझ्या नवऱ्याने दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि "तुझी गाडी आली" असं मला सांगून तो परत झोपला.

त्यांना सगळेच काकाजी म्हणत. या काकाजींच्या शेवटी येण्याच्या हट्टाने एकदा मोठाच घोटाळा केला. एका शर्यतीत त्यांना त्यांच्यासारखाच एक जण भेटला. कोणत्याशा बँकेतला अधिकारी, अंगाने चांगला भरलेला, स्वभावाने फारच सभ्य. वडीलधाऱ्या माणसाला मागे टाकून जाणं त्याला पटेना. हे म्हणत, "चाल तू." तो म्हणे, "आधी तुम्ही." दोघंही जागेवरच दुडूदुडू करत उभे. शेवटी मारोतरावांनी पायात गोळा आल्याचं सोंग केलं आणि ते पुलाच्या कठड्यावर बसले. तो सभ्य गृहस्थ लगेच खाली बसून त्यांची पोटरी चोळायला लागला. मागून ॲम्ब्युलन्स आली. आतल्या माणसांनी एकाचा पाय आणि दुसऱ्याचा दम पाहिला आणि दोघांनाही उचलून आत घातलं. मारोतराव आतून ओरडत होते, "अरे, मले काही नाही झालं गा! मी नाटक करून राहिलो होतो!" रुग्ण असंच बोलतात, याचा त्या लोकांना अनुभव असावा. पुढे दोन-चार दिवस काकाजी त्या बँकवाल्याचं नाव काढलं तरी चिडायचे.

पदकांना ते बिल्ले म्हणत. घरात एकही नसायचा. काटोलकडे त्यांच्या धाकट्या भावाची संत्र्याची बाग आहे. एका पोळ्याला त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला तिकडे नेलं. पाहते तर बैलांच्या गळ्यात घुंगरांच्या माळांबरोबर मॅरेथॉनचे बिल्ले! शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि छातीवर इंग्रजीत 'फिनिशर'. गावातली माणसं थांबून वाचत होती. काकाजी गंभीरपणे म्हणाले, "वर्षभर खरे पयते कोण? हे. मी तं फक्त त्याइच्या वतीनं बिल्ले घ्याले जातो."

शर्यतींचे आयोजक त्यांना ओळखून होते. सगळे पोचले, पोहे संपत आले, की माइकवरून आवाज यायचा, "मारोतराव मागून येत आहेत. कमान काढू नका." मग आम्ही सगळे हातात द्रोण घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचो. वळणावर आधी ते दिसायचे, मग त्यांच्यामागे ॲम्ब्युलन्स. आम्ही टाळ्या वाजवायचो. ते कमानीखाली यायचे आणि सगळ्यांवर डाफरायचे, "कायले थांबले गा तुम्ही? खाऊन घ्याचं ना! मी काय पाव्हणा हाय?" डाफरताना चेहरा मात्र असा फुललेला असायचा, की आमची हसून पुरेवाट व्हायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नाटकाची हौस आहे.

मग जवळच्या कन्हान गावातली शर्यत आली. आयोजक नवे होते, तरुण होते, त्यांना काकाजी माहीत नव्हते. शर्यत सुटली उशिरा, ऊन चढलं, माणसं भराभर परतली. मैदानावर संध्याकाळी लग्न होतं आणि मंडपवाल्यांचा ट्रक येऊन उभा राहिला होता. मी पोचले तेव्हा कमानीची हवा काढायला सुरुवात झाली होती.

मी म्हटलं, "एक जण यायचे आहेत अजून."

"मॅडम, वेळ संपला," आयोजकांपैकी एक जण म्हणाला. तो उर्मटपणे बोलला नाही. त्याच्याही मागे मंडपवाला लागला होता. "मैदान खाली करून द्यायचं आहे. त्यांना घेऊन या ना गाडीत, काय फरक पडते?"

कमान जमिनीवर आडवी झाली, तिची घडी झाली, ती घेऊन टेम्पो निघून गेला. मी त्यांच्यासाठी पोहे मागून घेतले होते, ते हातात धरून उभी राहिले.

काकाजी आले तेव्हा मैदानात लाल खुर्च्या मांडणं चाललं होतं. ते फाटकातून आत आले आणि थांबले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग खुर्च्या उतरवणाऱ्या माणसाला विचारलं, "फिनिश कुठं हाय, भाऊ?"

त्याला वाटलं, पाहुणा असेल. तो म्हणाला, "काकाजी, लगन संध्याकाळी हाय. भल्ले लवकर आले तुम्ही."

मला हसू आलं. काकाजीही हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. जवळच्या खुर्चीवर बसले आणि घाम पुसत राहिले. मी द्रोण पुढे केला. तो त्यांनी मांडीवर ठेवला, खाल्ला नाही.

द्रोणावरची माशी हाकलत म्हणाले, "सिंधू होती तवा मी साइटवरून कधी वेळेवर घरी आलो नाही. कालव्याचं काम, जीपचा भरवसा नाही. किती बी उशीर झाला तरी ती उपाशी बसून राहे. मी तिच्यावर चिडो. 'खाऊन घेत जा ना वं, मी काय पाव्हणा हाय?' ती ऐकेच ना. मले वाटे, कटकट हाय."

खुर्च्यांचा आवाज चालला होता. ते पुढे म्हणाले, "ती गेल्यावर पहिल्यांदा गंमत म्हणून पयलो. चुकून शेवटी आलो. पाहतो तं लोकं थांबले होते! आता पाह्य रेखा, पहिला येते त्याची कोणी वाट पाहत नाही. तो आला, टाळ्या झाल्या, लोकं नाश्त्याले गेले. शेवटच्यासाठी थांबा लागते. तो आल्याशिवाय कमान काढता येत नाही." मग मंडपासाठी आणून टाकलेल्या आडव्या बांबूंकडे पाहत म्हणाले, "असं वाटे मले."

मी त्यांच्या मांडीवरचा द्रोण उचलला आणि त्यांना उठायला हात दिला. आम्ही घरी आलो.

त्यानंतर काकाजी धावले नाहीत. मी सकाळी दार वाजवलं, की आतून "आज गुडघा धरला" असं यायचं. पुढच्या आठवड्यात खोकला, त्याच्या पुढच्या आठवड्यात काही नाही, नुसतंच "तू जा वं." मनीषनगरच्या जुन्या आयोजकांना मी घरी घेऊन आले. त्यांनी हात जोडले, म्हणाले, आपली कमान तुमच्याशिवाय निघणार नाही. काकाजींनी त्यांना चहा पाजला, सगळ्यांची चौकशी केली आणि नाही म्हणाले. "सांगून थांबवलं तं त्याले काय अर्थ हाय?" एवढंच ते मला नंतर बोलले.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी मी शाळेत जायला निघाले तर त्यांच्या दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच पडलेली. वर्तमानपत्रही तसंच. मी बेल वाजवली. काही नाही. दार वाजवलं. मग आतून, फार लांबून आल्यासारखा, पण अगदी नेहमीच्या सुरात आवाज आला, "येतो, येतो. थोडा वेळ लागन."

ते आदल्या दुपारपासून न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. हाका मारल्या असतील, पण कूलरच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला दाराच्या आतून फक्त सरपटण्याचा आवाज येत होता. एक सरकणं, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा एक सरकणं.

"काकाजी, हलू नका! माणूस बोलावला आहे कडी तोडायला!"

"तू शाळेत जा वं. तुले उशीर होते."

"मी इथेच आहे. कितीही वेळ लागू द्या."

आतली सरपट थांबली. मी माझं कपाळ दाराला टेकवून उभी राहिले. पुन्हा दोन-तीनदा सरकणं ऐकू आलं, मग आवाज आला, या वेळी अगदी दाराजवळून, "आहेस का वं?"

"आहे."

"बरं."

कडी तुटेपर्यंत आमचं एवढंच बोलणं चाललं होतं. आहेस का? आहे. बरं.

ऑपरेशन नीट झालं. प्रफुल्ल लगेच आला. मुलगा चांगला आहे, वाईट म्हणायला जागा नाही. रजा काढून बापाच्या उशाशी बसला, डबे आणले, बेडपॅन धरलं. पण बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, हे त्याचं बरोबरच होतं. पुण्याला घेऊन जायचं ठरलं. काकाजींनी वाद घातला नाही. वॉकर धरून ते इमारतीतल्या प्रत्येक दाराशी गेले. आमच्या दाराशी येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हिले सकाळी झोपू देऊ नका गा." मग खाली गाडीत बसल्यावर काच उतरवून मला जवळ बोलावलं आणि हळूच, मुलाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "रविवारी फोन करजो. नाही केला तरी चालते. पण करजो."

आता त्यांना पुण्याला जाऊन बराच काळ लोटला. पुण्यात सगळे आपापल्या कामाला जातात, उंच इमारत आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. काकाजी वॉकर सोडून काठीवर आलेत. मी रविवारी धावून आले, आंघोळ आटोपली, की फोन लावते. कधी लवकर, कधी पार जेवणाच्या वेळेला, जशी सवड मिळेल तसा.

तिकडे पहिली रिंग पुरती वाजतही नाही, तोच फोन उचलला जातो.

"हं, कोण? रेखा का?" मारोतराव म्हणतात. "बोल बोल. मी जरा कामात होतो वं."