शब्दाला जागणारे गावकरी

"तलवार पावसात भिजली तर गंजणार. आणि खरारा केला नाही तर घोडा पळणार नाही," खरोखरने जाहीर केलं, तेव्हा कचेरीत कोणी मानसुद्धा वर केली नाही. ही मंडळी संगणकावरचा एक भला मोठा खेळ बनवत होती. गाव, रान, डोंगर, हवं तिथे हिंडा आणि शेवटी डोंगरावरच्या ड्रॅगनला मारा. खेळ कसा चालावा हे ठरवायचं काम खरोखरकडे. काहीही दाखवा, "खरोखर असं होतं का?" हा त्याचा पहिला प्रश्न, म्हणून हे नाव. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंनाही त्याने तो विचारला होता, असं त्याची बायको सांगते.

बायको त्याच कचेरीत, समोरच्याच टेबलाला. तिचं नाव झटपट. नकाशावर बोट ठेवलं की नायक तिथे पोचला पाहिजे, एवढंच तिचं मागणं.

"दिवसभर राबून माणूस दोन घटका खेळायला बसतो, आणि तुम्ही त्याला घोडा घासायला लावताय," ती म्हणाली.

"अगं, पण चालल्याशिवाय प्रवास कसला?"

"मग काल कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर कशाला काढलीत?"

यावर खरोखरने चष्मा पुसायला घेतला.

त्या दुपारी बाई येणार होत्या. बाई म्हणजे खेळात पैसे घालणाऱ्या. त्यांना आवडलं तर काम पुढे चालू, नाहीतर कचेरीला कुलूप. मग नवरा-बायको दोघंही एकाच दिवशी घरी बसणार आणि दिवसभर एकमेकांना सल्ले देणार.

आता त्याच आठवड्यात खरोखरने दोन सुधारणा केल्या होत्या. खेळातले गावकरी निरोप घेताना "जातो" म्हणायचे. "शोभतं का हे? निघताना कोणी जातो म्हणतं का?" असं म्हणून त्याने सगळीकडे "येतो" करून घेतलं. दुसरी सुधारणा त्याहून मोलाची. "गावकरी म्हणतो विहिरीवर चाललोय, आणि खांबासारखा तिथेच उभा. आपला गावकरी शब्दाला जागेल. तोंडातून निघालं ते त्याने केलंच पाहिजे." प्रोग्रामर सांगितलेलं निमूट करणारा, त्याने ते करून टाकलं. दोन्ही सुधारणा आपापल्या जागी सोन्यासारख्या होत्या. एकत्र मात्र कोणी तपासल्या नव्हत्या.

बाई आल्या, कचेरीतल्या एकुलत्या एक चांगल्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर नायक झोपेतून उठला. लोहार आला, डोंगरावर ड्रॅगन आल्याची बातमी दिली, "बरं, येतो" म्हणून गेला. बाईंनी तलवार उचलली, दाराशी गेल्या, तर लोहार हजर. त्याने तीच बातमी दिली आणि पुन्हा "येतो" म्हणाला. तेवढ्यात कुंभारीण आली. तीही "येते हं" म्हणून गेली आणि आली. दारात भेटले म्हणून दोघांनी एकमेकांचाही निरोप घेतला, त्यामुळे एकमेकांसाठीही ते परत आले. मग न्हावी आला, सुईण आली, पाटील सहकुटुंब आले. नायक खाटेमागे भिंतीला चिकटला.

"हे काय चाललंय?" खरोखर कुजबुजला.

"शब्दाला जागतायत," झटपट म्हणाली.

"यांना घालवायचं कसं?" बाईंनी विचारलं.

"निरोप दिला की जातात," प्रोग्रामर म्हणाला.

"मघापासून दुसरं काय करतेय मी?"

झटपट पुढे सरकली. नवऱ्याच्या नकळत तिने एक चोरवाट ठेवून दिली होती. "बाई, कोपऱ्यातल्या नकाशावर डोंगर दाबा." बाईंनी दाबला आणि नायक थेट ड्रॅगनसमोर उभा राहिला. एरवी खरोखरने घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्याने बायकोला मनोमन हात जोडले.

ड्रॅगनने जबडा उघडला, आणि पायवाटेने लोहार आला. येतो म्हणाला होता ना, मग नायक जिथे असेल तिथे येणार. त्याच्यामागे अख्खं गाव. गुहा गच्च भरली. डोंगरावर ड्रॅगन आलाय, ही बातमी प्रत्येकाने ड्रॅगनलाही अगत्याने सांगितली. बिचारा एकेक पाऊल मागे सरकत गेला आणि शेवटी कड्यावरून खाली पडला.

बाई डोळे पुसत होत्या. हसून की वैतागून, कळेना. खरोखरने बायकोचा हात घट्ट धरला.

"ड्रॅगन काढून टाका," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांना घालवायचाच खेळ करा. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी हेच असतं. सगळे निघायला म्हणून उठतात आणि बसतात. पैसे मी देते."

खेळ वाचला, नोकऱ्या वाचल्या. तो रोज खेळून तपासायचं काम अर्थातच खरोखरकडे आलं. थोडेच दिवस गेले असतील, तो बायकोच्या टेबलाशी येऊन घुटमळू लागला. डोळे खोल गेले होते.

"अगं, एक बटन टाकूया का? दाबलं की सगळे आपापल्या घरी."

झटपटने पडद्यावरून नजरही काढली नाही. "छे. दारात चपला घालून तासभर बोलल्याशिवाय पाहुणा कधी गेलाय का? लोकांना खोटं वाटेल."

खरोखर जागेवर गेला आणि लोहाराला "बसा" म्हणाला.