शमुवेल त्रिभुवनांचं दुसरं पाणी

एक चड्डी. निळी, पट्ट्यापट्ट्याची, नाड्याची.

ठराव क्रमांक चार. एकमताने मंजूर.



"आवर्तन सुटलं का?" धरणाचं पाणी सुटलं का, हा प्रश्न मे महिन्यात प्रवरेच्या काठी "जेवला का"च्या आधी विचारतात.

पांढरे झगे, नग तेवीस, इस्त्री केलेले, एका टेम्पोत.

बासष्ट वर्षांचा माणूस. वजन एक्क्याऐंशी किलो, चपलेसकट.

हे सगळं एकाच शनिवारी एकाच डोहात कसं जमा झालं ते सांगायचं, तर शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करावी लागेल. कारण पाण्यात सगळ्यात आधी तोच होता.

शमुवेल त्रिभुवन. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं क्लार्क. उसाच्या गाड्या जोखून जोखून नजर अशी तयार झाली होती, की माणूस समोर आला की त्याला आधी त्याचं वजन दिसायचं आणि मग चेहरा. लग्नात अक्षता टाकतानाही मनात चालू असायचं: नवरी पन्नास, नवरा शहात्तर, ट्रॉली एका बाजूला कलणार.

उन्हाळ्यात मुलगी स्टेला आणि जावई डॅनी पुण्याहून आले होते. डॅनी पुण्यात सोसायटीच्या तलावात पोहतो, डोक्याला रबरी टोपी आणि डोळ्यांना चष्मा लावून. हे कळल्यापासून शमुवेलला झोप नव्हती. तो जावयाला दिवसातून दोनदा सांगायचा, की टाकीत म्हैसही पोहते. पोहणं बघायचं असेल तर बंधाऱ्यावर चला. भिंतीवरून सूर मारणारे या पंचक्रोशीत एकेकाळी नऊ जण होते. त्यातले पाच वारले, दोघांचे गुडघे गेले, एक शिर्डीला हॉटेल टाकून बसला आणि लठ्ठ झाला. उरला एकच.

"आणि तो एक तुमच्या समोर आमरस ओरपतोय," शमुवेल म्हणाला.

मार्था, म्हणजे शमुवेलची बायको, वाटी भरता भरता एवढंच बोलली, की ओरपणाऱ्यानं रविवारपर्यंत हातपाय शाबूत ठेवावेत. रविवारी मंडळीची वार्षिक सभा आहे.

सभेचं सांगायलाच हवं, कारण जीव सगळा तिथेच अडकलेला होता. शमुवेल या वर्षी मंडळीचा, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समाजाचा, सेक्रेटरी होणार होता. समोर कुणी उभंच नव्हतं. गावातलं देऊळ, म्हणजे चर्च, मिशनच्या काळातलं, दगडी. मंडळीच्या जुन्या वहीत शमुवेलच्या पणजोबांचं नाव अकरावं. दर नाताळाला शमुवेल ती वही उघडून ते नाव बघायचा आणि परत मिटायचा. वाचायचा नाही, नुसतं बघायचा.

आता ठराव क्रमांक चार. जुन्या मंडळीत बाळाच्या कपाळावर तीन थेंब पडले की बाप्तिस्म्याचं काम झालं, जन्मभर बघायला नको. पण राहात्याकडे भाड्याच्या हॉलात एक नवी मंडळी भरायला लागली होती. त्यांचं म्हणणं, थेंबाथेंबाने भागत नाही. मोठ्या, कळत्या माणसाने आख्खं बुडायला पाहिजे. जुन्यातले चारपाच जण तिकडे जाऊन बुडून आलेसुद्धा. याला गावात "दुसरं पाणी घेणं" म्हणतात. मागच्या सभेत शमुवेलनेच उठून ठराव मांडला: जो दुसरं पाणी घेईल त्याचं नाव वहीतून कमी. मांडला त्यानेच, लिहिला त्याच्याच अक्षरात, आणि खाली दोन रेघा मारल्या त्याही त्यानेच, पट्टी लावून.

असो. शनिवार.

दुपारी चारचा सुमार, ऊन असं की रस्त्यावर भाकरी टाकावी आणि उलटून घ्यावी. आवर्तन सुटलेलं होतं. बंधारा तुडुंब. जांभळीखाली सतरंजी पडली, कैऱ्या चिरल्या गेल्या, तिखटमीठ निघालं. मार्था उशाला पिशवी घेऊन आडवी झाली. पिशवीत शमुवेलचे कपडे होते. स्टेला मोबाईलमध्ये. आणि शमुवेल बंधाऱ्याच्या भिंतीवर उभा, नवी निळी चड्डी घालून, पोट आत ओढून.

फक्त ज्याच्यासाठी हे पोट आत ओढलं होतं तो डॅनी तिथे नव्हता. तो उसाचा रस आणायला कोल्हारला गेला होता.

खाली पायरीवर रंभाजी बसला होता. रंभाजी म्हणजे शेजारचा, बौद्धवाड्यातला, शमुवेलचा पहिलीपासूनचा दोस्त. गुडघे गेलेल्या दोघांपैकी एक. त्याने सुचवलं, की जावई येऊ दे, मग मार. शमुवेल म्हणाला, की पोट एवढा वेळ आत राहत नाही.

आणि सूर मारला.

सूर उत्तम होता. त्याबद्दल कुणी काही बोलायचं कारण नाही. पण एक्क्याऐंशी किलो पाण्यात शिरले तेव्हा चड्डीने वेगळा निर्णय घेतला. शमुवेल खाली गेला आणि चड्डी वर आली. तो नाकातोंडातलं पाणी काढून बघतो, तर चड्डी भिंतीच्या कडेच्या सांडव्यावरून एखाद्या निळ्या बदकासारखी आरामात खाली उतरत होती.

"रंभ्या," शमुवेल शक्य तितक्या हळू म्हणाला, "ती धर."

"काय धरू?"

"ती गेली ना, ती."

रंभाजीने बघितलं. आधी चड्डीकडे, मग दोस्ताकडे, मग त्याला सगळं समजलं. त्याने गुडघ्याची पर्वा न करता काठाकाठाने पळायला सुरुवात केली. पळताना तो हसत होता, त्यामुळे वेग कमी पडत होता. वळणाआड दिसेनासा झाला.

शमुवेल गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. मार्थाला हाक मारावी? मार्था चाळीस पावलांवर, पण घोरत होती. स्टेलाला? मुलीला काय सांगायचं? थांबू या, तो मनाशी म्हणाला, रंभ्या येईलच. पाण्यात मासे होते. प्रवरेतले मासे फार चौकस.

तेवढ्यात टेम्पो आला.

टेम्पोतून डफ उतरला, स्पीकर उतरला, झगे उतरले, चाळीसेक माणसं उतरली. पुढे टाय लावलेला तरुण पास्टर, कल्याण नावाचा, अंदाजे अडुसष्ट किलो. राहात्याची नवी मंडळी. गाणी म्हणत घाटाच्या पायऱ्यांवर आली आणि पास्टर कंबरेपर्यंत पाण्यात उतरला. पोहून पलीकडे जावं, तर पलीकडच्या काठावर बाया गोधड्या धूत होत्या. शमुवेल हनुवटीपर्यंत बुडाला.

एकामागून एक पांढरे झगे उतरले, बुडाले, बाहेर आले. शमुवेल लाजेने डोळे मिटून, दोन्ही हात खाली घट्ट धरून उभा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, केवढी आतुरता.

पास्टरने बघितलं आणि बाकीच्यांना हाताने थांबवलं.

"काका, तुम्ही आधीच उतरलात?"

"व्हय. जरा लवकरच."

"नाव दिलं होतं?"

"न्हाई."

"हरकत नाही. झगा मिळाला नाही वाटतं? गोजरबाई, काकांना एक झगा द्या."

झगा. शमुवेलच्या आयुष्यात इतका सुंदर शब्द कुणी उच्चारला नव्हता. गोजरबाई नावाच्या म्हातारीने घडी केलेला झगा पायरीवरून पुढे केला, तो हातोहात त्याच्यापर्यंत आला. त्याचा बेत सरळ होता: झगा घालायचा, आभार मानायचे, बाहेर पडायचं, पिशवी गाठायची. पण पाण्यात झगा घालणं म्हणजे मांजराला टोपडं घालणं. आत हवा शिरली. शमुवेल खोल पाण्यातून निघाला तो पांढऱ्या तंबूसारखा फुगून, वर फक्त डोकं. तरंगत तरंगत तो थेट पास्टरच्या पुढ्यात आला. दोन तरुणांनी, एक नव्वद आणि एक पंच्याऐंशी, त्याचे दंड धरले.

आता इथे वाचकाला वाटेल, सांगायचं ना, की मी त्यातला नाही. शमुवेललाही वाटलं. तोंड उघडलंही. पण त्यातला नाही म्हटलं, की झगा परत द्यावा लागणार.

त्याने तोंड मिटलं. बरं केलं, कारण पुढच्याच क्षणी तो पाण्याखाली होता.

साक्ष, जशी दिली तशी.

वर आल्यावर नव्या माणसाने माईकवर चार शब्द बोलायचे असतात, हे शमुवेलला ठाऊक नव्हतं. माईक पुढे आला. चाळीस माणसं गप्प झाली. गाण्याच्या आवाजाने स्टेला घाटाच्या वर येऊन उभी होती, मोबाईल धरून. तिला तोवर वाटत होतं की कुणाचा तरी छान कार्यक्रम चाललाय. शमुवेलला खोटं बोलायचं नव्हतं. पाण्यातून आत्ताच निघालेला माणूस, लगेच कसं बोलणार? त्याने खरं तेच सांगितलं, फक्त थोडक्यात.

"मी पाण्यात आलो तवा लई घमेंडीत हुतो. पाण्यानं माजं हुतं ते सगळं वाहून नेलं. झाकायला काय बी राहिलं न्हाई. लाज वाटत हुती, वर यायची हिंमत न्हवती. मग तुमी मला हे पांढरं वस्त्र दिलं. तुमचे उपकार मी मरेपर्यंत इसरनार न्हाई."

गोजरबाई हुंदके देऊन रडायला लागली. पास्टर कल्याणने टायने डोळे पुसले. टेम्पोचा ड्रायव्हर, जो कुठल्याच मंडळीतला नव्हता, त्यानेही टोपी काढली.

आणि वळणावरून रंभाजी आला, काठीच्या टोकाला निळी चड्डी लावून, झेंड्यासारखी.

"शमू, घावली," तो लांबूनच म्हणाला. "बाभळीत अडकली हुती. नाडा मातर गेला."

टेम्पोच्या ड्रायव्हरने टोपी परत डोक्यावर घातली.

पण मोबाईल पाण्यापेक्षा वेगाने वाहतो. स्टेलाने साक्षीपर्यंतचा व्हिडिओ "त्रिभुवन परिवार" ग्रुपवर टाकून दिला होता, डॅनीला कळावं म्हणून. ग्रुपवर आत्या होती. आत्याने तो मंडळीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर ढकलला. शमुवेल चिंब झग्यात जांभळीखाली पोहोचला, तोवर मार्था उठून बसली होती आणि तिने व्हिडिओ दोनदा बघितला होता. चड्डीचा भाग त्यात नव्हता.

ती रागावली नाही. तिने पिशवी पुढे केली.

"आधी इजार घाला," ती म्हणाली. "मग ऐकते."

ऐकून झाल्यावर ती तोंडात पदर कोंबून बराच वेळ जांभळीकडे तोंड करून बसली. शमुवेलने तिला आणि स्टेलाला वचन द्यायला लावलं, की हे गावात कुणाला कळता कामा नये. नाव गेलं तरी चालेल, पण हे नको. डॅनी रस घेऊन आला तेव्हा बर्फ वितळला होता आणि सासरा घड्याळाकडे बघत होता, ज्याचा काटा रविवारकडे चालला होता.

रविवार. देवळात चौऱ्याऐंशी माणसं. पंखे सहा, चालू चार.

पाळकसाहेबांनी, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंनी, ठराव क्रमांक चार वाचून दाखवला. दोन रेघांचाही उल्लेख केला. मग चष्मा काढून विचारलं, "शमुवेलभाऊ, दुसरं पाणी घेतलंत का?"

टेबलावर जुनी वही उघडी होती. शेजारी लाल पेन. अकराव्या नावाखाली पुढे कुठेतरी शमुवेल. खरं सांगावं, तर जावयासमोर आणि चौऱ्याऐंशी माणसांसमोर चड्डी जाते. न सांगावं, तर नाव जातं. शमुवेल उभा राहिला आणि त्याने आवर्तनापासून सुरुवात केली. धरणातून पाणी कधी सुटतं, बंधाऱ्याला फळ्या किती, सांडव्याला ओढ कशी असते. सात मिनिटं झाली. तो अजून काठावरच होता, पाण्यात उतरायचं नाव नाही. पाळकसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

बायकांच्या बाजूला मार्था उठली.

"सायेब, ह्यांनी पानी घेतलं न्हाई," ती म्हणाली. "ह्यांनी झगा घेतला. चड्डी वाहून गेली हुती."

आणि बसली.

पाळकसाहेबांनी गीतपुस्तक तोंडासमोर धरलं. पुस्तक हलत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी फुटला, आणि मग देऊळ असं हसलं, की माळ्यावरचे पारवे उडाले. डॅनी तर बाकाखाली गेला, काही पडलं असावं असं दाखवत. शमुवेल वहीकडे बघत उभा राहिला. पेनला टोपण लागलं. नाव राहिलं.

मग निवडणूक. शमुवेलने खिशातून भाषण काढलं, चार पानी. पण मुक्ताबाई नावाच्या जुन्या पंचबाई उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की मंडळीला सेक्रेटरी हवाय. सात मिनिटांत जे नवऱ्याला जमलं नाही ते बाईने तीन वाक्यांत मिटवलं, तर इतिवृत्त कुणी लिहावं? हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही. शमुवेलनेही हात वर केला, जरा उशिराने.

मार्थाबाईंनी सेक्रेटरी म्हणून पहिलं काम तिथेच केलं. ठराव क्रमांक चारच्या दोन रेघांखाली बारीक अक्षरात लिहिलं: अपवाद, वस्त्राभावी.

झगा धुऊन, इस्त्री करून राहात्याला परत गेला. पास्टर कल्याण अजूनही ती साक्ष ठिकठिकाणी सांगतो, नाव न घेता. शमुवेल म्हणतो, सांगू दे. शब्द ना शब्द खरा आहे.

शनिवारी चड्डीमागे काठाकाठाने पळाला, तेव्हा रंभाजीच्या गळ्यात टॉवेल होता.