आडव्या टाकीचा आलेख

सोसायटीच्या ग्रुपवर सुदर्शन इंगळेनं फोटो टाकला आणि लिखिते सरांचा संध्याकाळचा चहा बशीतच राहिला. फोटोत एक कागद होता. कागदावर दोन टिंबं, त्या टिंबांतून पट्टीनं ओढलेली एक तिरकी रेघ आणि खाली मजकूर : 'पंप सुरू सात वाजता, टाकी रिकामी. सात चाळीसला टाकी अर्धी. म्हणजे ऐंशी मिनिटांत फुल. परवापासून टायमर ८० वर.'

"दोन बिंदू," सर म्हणाले. "फक्त दोन बिंदू घेतले आणि या माणसानं सरळ रेषा काढली."

मंदाकिनीबाई कुरडयांसाठी भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी बदलत होत्या. "दोन बिंदूंतून सरळ रेषाच जाते, असं तुम्हीच शिकवायचात ना?"

"रेषा जाते. पाणी जातं, असं मी कधी म्हणालो?"

श्यामसुंदर लिखिते चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. मुलं सुटली, सापडली ती शनिवार पेठेतल्या त्यांच्या इमारतीतली बारा बिऱ्हाडं. वर्तमानपत्रातला कुठलाही तक्ता सरांनी लाल पेनानं दुरुस्त केल्याशिवाय रद्दीत जात नसे. दूधवाल्यालाही त्यांनी एकदा चढ म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून तो पिशवी दाराला अडकवून पळत असे.

टाकीचं प्रकरण तसं साधं होतं. गच्चीवरची जुनी टाकी तडकली. नवी उभी टाकी जिन्यातून वर जाईना, म्हणून आडवी घेतली, पिंपासारखी लोळवून ठेवलेली. पंप चालू-बंद करणारे वॉचमन रामदास पुतणीच्या लग्नाला महिन्याभरासाठी गावी गेले. सेक्रेटरी सुदर्शन मूळचा अकोल्याचा, खराडीला एका आयटी कंपनीत नोकरी करणारा. ज्या मीटिंगला तो गैरहजर होता, त्याच मीटिंगमध्ये तो सेक्रेटरी झाला होता. त्यानं पंपाला टायमर बसवला. तो किती मिनिटांवर लावायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

सर चहा तसाच टाकून सुदर्शनच्या दारात उभे राहिले.

"इंगळे, आपण अर्ध्या टाकीनंतर वर थांबलाच नाहीत?"

"नाही सर. पावणेआठला कॉल होता. पंप बंद करून आलो. पण सिम्पल आहे ना, अर्ध्याला चाळीस, तर पूर्णला ऐंशी."

"आपल्या मुलीची उंची पाचव्या वर्षी किती होती?"

"असेल साडेतीन फूट."

"म्हणजे पंचविसाव्या वर्षी साडेसतरा फूट. स्थळं बघताना अडचण येईल."

सुदर्शन हसला. सर हसले नाहीत. "प्रत्येक फलनाचा एक स्वभाव असतो, इंगळे. कुठलं सरळ वाढतं, कुठलं आधी धावतं आणि मग दमतं. आलेख काढल्याशिवाय तो कळत नाही. उद्या सकाळी पंप माझ्या ताब्यात द्या."

"घ्या ना सर. मी काहून नाही म्हणू?"

दुसऱ्या दिवशी सातला सर गच्चीवर हजर होते. हातात सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी, खिशात घड्याळ, काखेत आलेखाची वही. दर पाच मिनिटांनी टाकीचं झाकण उघडायचं, काठी बुडवायची, ओली खूण वाचायची. पहिल्या पाच मिनिटांत पाणी चौदा सेंटिमीटर चढलं. मग वेग कमी होत गेला. पस्तीस ते चाळीस या पाच मिनिटांत तर जेमतेम सहा. सर मनातून सुखावले. सुदर्शनची रेघ चूक होती, हे त्यांना पहिल्या टिंबालाच कळलं होतं, पण पुरावा मिळणं निराळं.

आठ नोंदी झाल्या तेव्हा काठीवर साठ होतं. टाकी एकशेवीस सेंटिमीटरची, म्हणजे बरोबर अर्धी. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "उपमा गार होतोय. मी पुन्हा गरम करणार नाहीये."

सरांनी पंप बंद केला. आठ बिंदू म्हणजे दोनाच्या चौपट, त्यात शास्त्राचं समाधान व्हायला हरकत नव्हती. अर्ध्या टाकीमुळे दुपारी दोनला बारा बिऱ्हाडांचे नळ कोरडे पडले. वरच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी डोक्याला साबण लागलेला असताना ग्रुपवर विचारणा केली. सरांनी उत्तर दिलं, 'प्रयोग चालू आहे.'

संध्याकाळी सरांनी सुदर्शनला बोलावून वही पुढे केली. बिंदूंमधून एक देखणी वक्र रेषा गेली होती, आधी ताठ चढणारी आणि मग वाकत जाणारी.

"बघा. पाच मिनिटांना चौदा, चाळीसला साठ. वेळ आठपट, उंची साधारण चौपट. नियम सापडला. आता उंची दुप्पट व्हायला किती वेळ लागेल?"

"तुम्हीच सांगा सर."

"उंची चौपट तर वेळ आठपट, म्हणजे उंची दुप्पट तर वेळ पावणेतीनपटीहून जरा जास्त. एकशेतेरा मिनिटं. आपण ऐंशीला पंप बंद केला असता, तर लोक रोज अर्धवट टाकीवर राहिले असते. सरळ रेषा ही आळशी माणसाची सोय असते, इंगळे."

सुदर्शननं टायमर एकशेतेरावर लावला. सरांनी आलेखाची मोठी प्रत काढली. तिच्या शेजारी त्यांनी सुदर्शनची रेघही काढली आणि तिच्याखाली लाल पेनानं लिहिलं, 'असे करू नये.'

सकाळी सातला पंप आपोआप सुरू झाला. त्याच वेळी मंदाकिनीबाई आणि विमलाबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. दहा किलो गव्हाचा चीक, तीन दिवसांची मेहनत, दोन घरांची वर्षाची बेगमी. आठच्या सुमारास अख्खी गच्ची पांढऱ्या वेटोळ्यांनी भरली. दोघी कंबर धरून खाली उतरल्या.

सर तेव्हा तळमजल्यावर फलकाला आलेख लावत होते. चार टाचण्या लावून झाल्या आणि ऑफिसला निघालेला सुदर्शन त्यांच्या तावडीत सापडला. वक्राचा चढ कसा कमी होतो ते सर बोट फिरवून दाखवत होते. सुदर्शन मान डोलवत हेल्मेटचा पट्टा लावत होता. सव्वाआठ झाले, पावणेनऊ झाले. मग वरच्या जिन्यातून विमलाबाईंचा आवाज आला. तो चढा नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"सर, तुमचा आलेख माझ्या दारात आलाय. चपला घेऊन चाललाय."

टाकी आठ वीसलाच भरली होती आणि तेव्हापासून पंप निष्ठेनं पाणी चढवत होता. पाण्यानं आधी कुरडया उचलल्या. ओल्या कुरडया तरंगत गच्चीच्या पन्हाळीपाशी गेल्या आणि तिथे एकमेकींना चिकटून त्यांचं बूच झालं. पन्हाळ तुंबली, गच्चीचं तळं झालं आणि तळ्याला जिना सापडला. सुदर्शन धावत जाऊन पंप बंद करेपर्यंत विमलाबाईंच्या दिवाणखान्यातला गालिचा ओला झाला होता आणि पायपुसण्यावर एक अखंड कुरडई येऊन बसली होती.

सर गच्चीवर तळवे बुडतील एवढ्या खळीच्या पाण्यात उभे राहिले. मंदाकिनीबाईंनी ओंजळीत थोडा लगदा उचलला, नवऱ्याकडे पाहिलं आणि लगदा पुन्हा पाण्यात सोडला. नजर कुठे ठेवावी ते न कळून सरांनी टाकीकडे पाहिलं. दोन दिवसांत टाकीकडे ते पहिल्यांदाच बघत होते. आत्तापर्यंत त्यांनी काठी पाहिली होती, घड्याळ पाहिलं होतं, वही पाहिली होती.

टाकी गोल होती. तळाशी अरुंद, पोटात रुंद आणि वर पुन्हा अरुंद. पोटापर्यंत पाण्याला पसरायला जागा वाढत जाते, म्हणून चढण्याचा वेग कमी होतो. पोट ओलांडलं की जागा आकसते आणि पाणी पुन्हा धावत सुटतं. आठही बिंदू खालच्या अर्ध्या भागातले होते. आठवीतल्या पोरालाही हे चित्र काढून दिलं असतं, तरी सांगता आलं असतं.

दुपारी सरांनी वही उघडून आलेखाचा राहिलेला भाग काढायला घेतला. वरचा अर्धा म्हणजे खालच्या अर्ध्याचीच उलटी आवृत्ती. पहिल्या अर्ध्याला जेवढा वेळ, तेवढाच दुसऱ्याला. वक्र मध्यावर वळला, पुन्हा ताठ झाला आणि वरच्या टोकाला जाऊन टेकला. सरांनी खाली वेळ वाचली. ऐंशी मिनिटं.

त्यांनी पुन्हा मोजलं. ऐंशीच. सुदर्शनची रेघ सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी वक्राला चोख मिळत होती.

हे गुपित सरांनी दोन तास सांभाळलं. संध्याकाळी ते सुदर्शनच्या दारात गेले. तो गच्चीचं पाणी काढून नुकताच आंघोळ करून आला होता.

"इंगळे, आपलं उत्तर बरोबर होतं."

"कोणतं सर?"

"ऐंशी. पण कारण चूक होतं. टाकी चौकोनी असती तर सरळ रेषा योग्य. ही गोल आहे. इथे आपली रेषा केवळ सममितीमुळे वाचली. आपण अर्ध्याऐवजी पाव टाकीला थांबला असतात, तर फसला असतात."

"पण मी अर्ध्यालाच थांबलो."

"कॉल होता म्हणून."

"हो ना," सुदर्शन म्हणाला. "मग ऐंशी लावू?"

सरांनी त्याचा चेहरा निरखला. या माणसाला चुकल्याचं दुःख झालं नव्हतं आणि आता जिंकल्याचा आनंदही होत नव्हता. पराभव व्हावा, तोही असल्या माणसाकडून. "लावा," ते म्हणाले आणि घरी आले.

पाच मिनिटांत ग्रुपवर सुदर्शनचा निरोप आला. बिचाऱ्यानं तो मनापासून लिहिला होता : 'लिखिते सरांच्या दोन दिवसांच्या अभ्यासानंतर टायमर ८० मिनिटांवर फायनल केला आहे. सरांचे आभार.'

खाली विमलाबाईंचं उत्तर होतं. 'म्हणजे सुदर्शन आधी म्हणाला होता तेवढाच ना?'

सर उत्तर लिहायला बसले. वृत्तचिती, वक्राचा मध्य, सममिती, पाव टाकीचं उदाहरण. तिसऱ्या परिच्छेदात ते पोचले, तेव्हा स्वयंपाकघरात गव्हाचं पोतं ओढल्याचा आवाज झाला. दिवसभरात मंदाकिनीबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"गहू पुन्हा भिजत घातलेत. चौथ्या दिवशी पहाटे सोऱ्या तुम्ही फिरवायचा, दहा किलोचा. आणि किती वेळ लागेल ते वहीत काढत बसू नका. संपेपर्यंत लागेल."

सरांनी तिन्ही परिच्छेद पुसले आणि भिजवलेल्या गव्हाचं पिंप धरायला आत गेले.