चांदणीचं पांघरूण

उभा जन्म मी पुलांचे नकाशे काढले. नद्या, ओढे, रेल्वेचे रूळ, सगळ्यांवरून माणसं सुखरूप पलीकडे नेली. अशा माणसाला निवृत्तीनंतर एक पांघरूण विणायला कितीसं जड जाणार? लोकरीच्या दुकानातल्या बाईंना मी हेच ऐकवलं.

त्या म्हणाल्या, "काका, क्रोशाची सुई पहिल्यांदाच हातात धरताय ना? मफलरपासून सुरुवात करा."

"बाई, मी पूल उभे केलेत."

"पूल कुणी अंगावर घेत नाही, काका."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. क्रोशातल्या उंच टाक्याला खांबच म्हणतात हे कळल्यावर तर मला ऑफिसात परत आल्यासारखं वाटलं.

बेत असा होता. आमच्या कन्येला दूरच्या, हाडं गोठवणाऱ्या थंडीच्या गावात नोकरी लागली होती. लहानपणी तिची एक लाडकी गोधडी होती. ठिगळाठिगळांची, मधोमध भलीमोठी पिवळी चांदणी. घरभर ओढून ओढून तिनं तिच्या चिंध्या केल्या होत्या. तीच नक्षी मी लोकरीत उतरवणार होतो. एकेक चौकोन सुटा विणायचा, मधला चांदणीचा सगळ्यांत मोठा, आणि शेवटी सगळे जोडायचे. आणि हे सगळं गुपचूप. बायकोनं विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हणालो, "काही नाही, वेळ घालवतोय." तिथेच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सुरुवातीचे चौकोन चौकोन नव्हतेच. एक पापडासारखा वाकडा झाला, एकानं टोपीचा आकार धरला. पण पुढे हात बसला. विणलेला प्रत्येक चौकोन मी बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर रचून ठेवत होतो. आणि मग एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. मी विणत होतो, पण ढीग वाढत नव्हता.

आधी वाटलं, आपली मोजदाद चुकली. मग वाटलं, उंदीर. पण एकही धागा न सांडता, रंग निवडून चौकोन नेणारा उंदीर मी पाहिलेला नाही. हिरवा कोपरा तर मी तीनदा विणला. शेवटी मी स्वतःवरच संशय घेऊ लागलो. आपण विणलंच नाही आणि विणलं असं वाटतंय? मोठ्या काकांचं शेवटी असंच झालं होतं. ते न आलेल्या पाहुण्यांना निरोप द्यायला दारापर्यंत जायचे. मला जेवण गोड लागेना. ज्या दिवशी चांदणीच गायब असल्याचं लक्षात आलं, त्या दिवशी मी घरात कुणाला न सांगता खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"डॉक्टर, मी एखादी गोष्ट करतो आणि ती केलेली नसते," मी म्हणालो.

त्यांनी मला नीट बसवलं. "घाबरू नका. सांगा बघू, आज वार कोणता?"

माझे डोळे त्यांच्या टेबलावर खिळले होते. त्यांच्या चहाच्या कपाखाली माझा हिरवा कोपरा होता.

"आज वार कोणता, काका?"

"हे माझं आहे," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी कप हळूच स्वतःकडे ओढला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "घरी कोण कोण असतं तुमच्या?" त्यांनी फारच मऊ आवाजात विचारलं.

मी तडक वर आलो. बायको भाजी निवडत होती. "तू माझे चौकोन वाटतेस?"

ती उलट खूशच झाली. "कळलं का तुम्हाला? अहो, येणारा प्रत्येक जण कौतुक करतो. कपाखाली ठेवायला किती सुरेख म्हणतात. मग मी देते एकेक. तुम्ही घरी बसल्यापासून तुमच्या हातच्या कशाचं कुणी कौतुक केलं होतं? मला बरं वाटायचं."

ह्यावर भांडायचं कसं? मी खाली बसलो आणि पांघरुणाची सगळी हकीकत सांगितली. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अहो, पोरगी तर उद्या सकाळी निघणार," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं दारोदार फिरलो. दिलेली वस्तू परत मागण्यात काय मानहानी असते ते मी सांगू शकत नाही. मेव्हणीनं गरम कुकर उचलून त्याखालचे दोन चौकोन काढून दिले. एकाला मधोमध जळका डाग. "घ्या भाऊजी, इतकं काय त्यात? आम्ही ठेवू की जुनं वर्तमानपत्र," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी हिरवा कोपरा दोन बोटांत धरून दिला आणि हिला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना एकटं सोडू नका."

राहिली चांदणी. ती वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे होती. मावशी खुर्चीत बसल्या होत्या आणि चांदणी नाडीनं त्यांच्या गुडघ्याला बांधलेली होती.

"ये रे बाबा," त्या म्हणाल्या. "परवापासून ह्या पायावर जिना उतरतेय बघ. औषधानं झालं नाही ते तुझ्या लोकरीनं केलं."

मी हिच्याकडे पाहिलं, हिनं माझ्याकडे. दोघांपैकी कुणाची जीभ रेटेना.

"आता ह्या दुसऱ्या गुडघ्याचं तेवढं बघ," मावशी म्हणाल्या. मी मान डोलावली.

लोकरीच्या दुकानात धावलो. पिवळा रंग संपला होता. काळपट डागांचे, तेलकट वासाचे चौकोन धुऊन, ओलसर असतानाच आम्ही जोडायला बसलो. कुठे पोट आलं, कुठे खड्डा पडला. आणि बरोबर मध्ये, जिथे चांदणी हवी, तिथे भगदाड. आयुष्यात मी मधला गाळा नसलेला पूल कुणाच्या ताब्यात दिला नव्हता.

सकाळी मी ते कन्येपुढे धरलं आणि मान खाली घातली. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. मग तिनं त्या भगदाडातून डोकं वर काढलं, दोन्ही बाजू खांद्यांवरून खाली सोडल्या आणि आरशासमोर उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हे अंगावरून घसरणारच नाही." आणि तसंच घालून गेली.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. ही बराच वेळ "हो हो, यांना वेळच वेळ आहे" असं म्हणत होती. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींना अगदी तसलंच हवंय. मी हो म्हटलंय."

"पिवळी लोकर आली की चांदणीसकट करून देतो," मी म्हणालो.

"चांदणी नको," ही म्हणाली. "अहो, कौतुक भोकाचंच चाललंय."