आधी तुमची झडती

इतवारीतल्या अनसूयाकाकू नसत्या तर मी आज तुरुंगात असतो. त्यांचं नाव आधीच लिहून टाकतो, कारण पुढची हकीकत सांगायला लागलो की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही.

माणसं घरातून काही जाऊ नये म्हणून जपतात. काकू घरात काही येऊ नये म्हणून जपत. कोणी आलं की त्या सूप घेऊन उंबऱ्यात उभ्या. येणाऱ्यानं खिसे, कनवट, पिशवी, सगळं त्या सुपात रिकामं करायचं. काकू सूप हलवून नीट बघणार, मग माणूस आत. सत्यनारायणाला आलेल्या भटजींची पोथी आणि सुपाऱ्यासुद्धा सुपातून गेल्या. भटजी कुरकुरले, तर काकू म्हणाल्या, "देवाची झडती नाही घेऊन राहिली महाराज, तुमची घेऊन राहिली."

जातानाही तेच. "जे आनलं ते घेऊन जाय," हे त्यांचं पालुपद. एकदा एक पाहुणा तपकिरीची डबी विसरला. काकू हातगाड्यांच्या गर्दीतून त्याच्यामागे धावल्या. तो काही सापडला नाही. मग डबी दाराबाहेरच्या दगडावर ठेवली, आणि तो परत येईपर्यंत ती तिथंच राहिली. घरात नाहीच घेतली.

मी राजापूरकडचा. वडील गेले आणि चौथीतच शाळा सुटली. रेल्वेतल्या एका नातेवाइकाच्या ओळखीनं नागपूरला आलो, इतवारीत भांड्यांच्या दुकानात लागलो आणि काकूंच्या माडीवर खोली घेतली. काकू विधवा, माळकरी, घरात एकट्या. पहिल्याच संध्याकाळी सूप पुढं आलं. मला रडूच यायचं बाकी होतं. म्हटलं, "काकू, मला चोर समजता का?"

"चोराचं काहून भेव? चोर घेऊन जाते. मले भेव ठेवून जानाऱ्याचं."

मला काही कळलं नाही. त्यानंतर रोज मी खिसे रिकामे करू लागलो. एकच गोष्ट चुकवली. गावाहून येताना आईनं सुक्या जवळ्याची पुरचुंडी दिली होती. माळकऱ्याच्या घरात ती दाखवायची कशी? पहिल्या दिवशीच अंथरुणाच्या वळकटीतून ती वर नेली आणि पेटीच्या तळाशी दडवली. खात कधी नसे. घरची फार आठवण आली की नुसता वास घेई.

त्या वर्षी शहरात सरकारविरोधी पत्रकं निघत होती. कोणी छापतं ते सापडत नव्हतं, आणि वरून पोलिसांच्या मागे तगादा होता. अशा वेळी परमुलखातला, शहरात मागेपुढे कोणी नसलेला पोरगा फार सोयीचा असतो, हे मला आता कळतं.

सकाळी मी दुकानाला निघणार, तोच दारात जमादार, दोन शिपाई आणि पंच म्हणून धरून आणलेले पानवाले रामभाऊ आणि शेजारचे शिंपी. "कोकणवाला लडका किधर है? त्याच्या खोलीची झडती घ्यायची हाय."

पत्रकं मी बघितलीसुद्धा नव्हती. पण पेटीत जवळा होता.

काकू सूप घेऊन उंबऱ्यात आल्या. "घ्या ना झडती. पन आधी तुमची."

जमादार हसला. "बाई, बाजूले व्हा. सरकारी काम हाय."

"सरकारी हाय तं कायद्यानंच होऊ द्या. पंचाच्या डोळ्यासमोर आधी तुमचे हात रिकामे दाखवा, मंग माह्या घरात घाला. तसा हक्क हाये माहा. नसंन तं तसं पंचनाम्यात लिहा, का बाईनं मागितली आन् आमी नाही देली."

तोवर बाहेर गर्दी जमली होती. रामभाऊ हळूच म्हणाले, "काकू, मलेबी?"

"तुले आधी. आन् ते पान थुकून ये."

रामभाऊंच्या खिशातून अडकित्ता निघाला. शिंपीबुवांच्या कानामागची सुई काकूंनी स्वतः दाखवून काढायला लावली. जमादारानं तोंड वाकडं करून खिसा उलटला, तर सुपात एक विडी पडली, आणि तिच्यामागून एक लाकडी खुळखुळा. गर्दी खो खो हसली. जमादाराचे कान लाल झाले. "पोराचा हाय," तो पुटपुटला. काकू मात्र हसल्या नाहीत. खुळखुळा पदरानं पुसून त्यांनी आधी परत दिला.

पहिल्या शिपायाची झडती झाली. दुसऱ्यानं खिसे दाखवले आणि तो आत पाऊल टाकू लागला.

"फेटा राह्यला गा."

"फेटा सरकारी हाय."

"आन् त्याच्या खालतं?"

शिपायानं जमादाराकडे बघितलं. जमादार रस्त्याकडे बघत होता. अखेर शिपायानं फेटा काढला, आणि घडी घातलेली चार-पाच पत्रकं सुपात पडली.

मी त्या कागदांकडे बघत राहिलो. ते माझ्या पेटीत सापडायला निघालेले कागद होते. आपण काही केलं नाही म्हणजे आपल्याला काही होत नाही, असं मी तोवर समजत होतो. ती समज त्या सुपात माझ्यासमोर मेली. आणि सगळ्यात अंगावर आलं ते शिपायाचं तोंड. त्यावर ना लाज होती ना राग. रोजचं काम एखाद्या दिवशी बिघडलं की माणूस वैतागतो, तेवढाच वैताग होता.

"रस्त्यात पडली होती. उचलली," तो म्हणाला.

"बरं केलं. आता पंचाइले दाखव, आन् जाताना घेऊन जाय," काकू म्हणाल्या. "चला, आता पाहा घर. चुलीतबी पाहा."

झडती झाली. पेटी उघडली, पुरचुंडी सुटली, आणि माडीभर वास सुटला. जमादारानं नाक धरलं. "ये क्या है?"

मी डोळे मिटून घेतले.

"ते त्याच्या मायचं हाये," काकूंचा आवाज आला. "जसं होतं तसं बांधून ठेव."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पोलीस गेले. काकू तेच सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. वर न बघता बोलू लागल्या. त्यांचा मुलगा दत्तू माझ्याच वयाचा होता. असेच पोलीस आले, आणि तांदळाच्या कणगीत काडतुसं सापडली. "मी त्याईले पानी देऊन राहिली होती. गडवा घासून देल्ला. त्याईच्या हाताकडं नाही पाह्यलं." दत्तूला सजा झाली आणि तो तिकडंच तापानं गेला. निकाल लागल्यावर वकील म्हणाले, बाई, आधी पोलिसांची झडती मागायची असते, तसा तुमचा हक्क होता.

"मंग आधी काहून नाही सांगितलं कोनं?" काकूंनी मला विचारलं, जणू मीच तो वकील. मग एक खडा उचलून बाजूला टाकला.

पोलीस येऊन गेलेला नोकर इतवारीत नको म्हणून शेठनी मला रायपूरच्या दुकानावर पाठवलं. निघताना मी सवयीनं खिसे रिकामे करायला लागलो. काकूंच्या हातात सूप नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि ओसरीतल्या खुंटीवर अडकवली. त्या खुंटीवर कधी काही टांगलेलं मी बघितलं नव्हतं.

"काकू, जे आणलं ते घेऊन जायचं ना?"

"तुही झडती झाली हाये," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बोडक्यानं गाडीत बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं, घरात कोण गेलं, म्हणून विचारलं.

इथं रायपुरात माझ्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की मी त्यांना झडतीचा हक्क सांगतो. लोक हसतात. सूपवाला म्हणतात. म्हणोत. एक दिवस मी टोपी न्यायला इतवारीत जाईन, काकूंच्या सुपात खिसे रिकामे करीन आणि सांगेन, की काकू, मी सगळ्यांना आधीच सांगितलंय. त्यांचं ऋण त्यानं फिटायचं नाही, पण फेडायला सुरुवात मी करणार आहे.