आजचा शब्द सांगू नका

या रे बाळांनो, जवळ सरका. आणि गोष्ट संपेपर्यंत कोणीही शेवट सांगायचा नाही. का ते कळेलच.

तर एका जंगलात मथूआत्या नावाची एक साळिंदर होती. मुलं मोठी होऊन पलीकडच्या डोंगरात गेली होती. घरात काम उरलं नव्हतं. गप्पा मारायला कोणी जवळ बसत नव्हतं, कारण काटे लागत. म्हणून आत्याने एक खेळ काढला.

रोज सकाळी ती ओढ्याकाठच्या कातळावर येऊन बसायची. मनात तीन अक्षरांचा एक शब्द धरायची. येईल त्याने आपला शब्द तिच्या कानात सांगायचा, जरा जपून. मग आत्या कातळावर तीन पानं मांडायची. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर, तर हिरवं पान. अक्षर आहे पण जागा चुकली, तर पिवळं. अक्षरच नाही, तर वाळकं. अक्षर जुळलं पण काना-मात्रा चुकली, तर हिरवंच पान, पण किडीने खाल्लेलं. सहा डावांत शब्द ओळखायचा. दिवसाला एकच शब्द. उद्याचा उद्या.

आठवड्याभरात सगळं जंगल कातळावर गोळा होऊ लागलं. चरायचं राहिलं. पिल्लांना पाणी पाजायचं राहिलं. जो तो आपली पानं घेऊन दुसऱ्याला दाखवत सुटला.

"मी चार डावांत काढला!"

"मी तीन! आणि तिसरा तर सहज सुचला."

आता खेळ म्हटला की शहाणे आलेच. चंपूवहिनी नावाची एक सशीण होती. ती रोज पहिला शब्द 'कसर' घ्यायची.

"क, स आणि र ही अक्षरं सारखी येतात," ती सांगायची. "गेल्या दोन महिन्यांत र एकवीस वेळा आलाय. मी मोजलंय."

मुसंडेराव नावाचं रानडुक्कर रोज पहिला शब्द 'चिखल' घ्यायचं.

"अहो भाऊजी, ख किती शब्दांत येतो?" वहिनी डोक्याला पंजा लावायची.

"चिखलात येतो ना," मुसंडेराव म्हणायचे.

नीळकंठराव मोर रोज 'पिसारा' हाच शब्द घ्यायचे. तो एकदाही आला नव्हता. "येईल, येईल," ते म्हणायचे, "आत्याला कधीतरी सौंदर्याची आठवण होईलच."

आणि एक होते हणमंतराव वानर. ओढ्याकाठच्या उंच ऐनाच्या झाडावर बसून पहारा करणं हे त्यांचं काम. बिबट्या दिसला की ओरडायचं, म्हणजे खालचे पळतील. ते काम ते चोख करत. खेळातही ते हुशार होते. भल्या सकाळी पहिला नंबर लावायचे, शब्द ओळखायचे आणि झाडावर जाऊन बसायचे. पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. एकदा ते वरून नुसतं म्हणाले, "आज कुठून तरी मोहराचा वास येतोय."

त्या दिवशीचा शब्द 'मोहर' होता.

तीन दिवस जंगलात कोणी त्यांच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर शेपटीवर हात ठेवून शपथ घेतली. पुन्हा या तोंडातून उत्तर बाहेर पडणार नाही.

आणि नेमकं काय व्हावं? थोड्याच दिवसांनी आत्याने मनात शब्द धरला, 'बिबट्या'. हणमंतरावांनी तो तीन डावांत ओळखला. खुशीत झाडावर गेले. समोर पाहिलं, तर करवंदीच्या जाळीमागे खराखुरा बिबट्या दबून बसलेला!

हणमंतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ घेतली होती ना!

"सावध!" शेवटी ते ओरडले.

"ओ, हणमंतराव!" खालून चंपूवहिनी म्हणाली. "सूचक बोलू नका. माझे तीन डाव शिल्लक आहेत."

"पळा!"

"पळा दोन अक्षरी आहे," मुसंडेराव म्हणाले. "आज तीन अक्षरी शब्द आहे."

"पळा रे!"

"पळारे?" मुसंडेरावांनी विचार केला. "असा शब्दच नाही."

जाळी हलली. हणमंतराव नुसत्या खुणा सांगू लागले. "पिवळा! अंगावर ठिपके! लांब शेपूट!"

"कान झाका, कान झाका!" नीळकंठराव ओरडले. सगळ्यांनी कान झाकले. सशांना वेळ लागला.

आता काय करणार? हणमंतरावांनी डोळे मिटले आणि शपथ मोडली.

"बिबट्याऽऽ!"

झाकलेल्या कानांतूनही ते आत गेलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकही मान करवंदीच्या जाळीकडे वळली नाही.

"फोडलं!" चंपूवहिनी रडवेली झाली. "पुन्हा फोडलं यांनी!"

तेवढ्यात बिबट्याने झेप घेतली. समोर सापडले नीळकंठराव. ते फडफडले, सुटले, पण पिसारा बिबट्याच्या तोंडात राहिला. बिबट्याच्या नाकात पिसं गेली. त्याला ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. शिंकत शिंकत तो जाळीत निघून गेला.

संध्याकाळी सभा बसली. नीळकंठराव मागून अगदी कोंबडीसारखे दिसत होते.

"पिसारा गेला, त्याचं काही नाही हो," ते म्हणाले. "पिसारा पुन्हा येईल. पण माझ्या उरलेल्या दोन डावांचं काय?"

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, बिबट्या आला होता," हणमंतराव काकुळतीने म्हणाले.

"कळलं आम्हाला!" मुसंडेराव गरजले. "तेच तर उत्तर होतं! पुन्हा फोडलंत तर याद राखा. जिथे जाल तिथे मागे येऊन तुडवीन."

"आम्हीही येऊ," सगळे म्हणाले.

हणमंतराव झाडावर गेले आणि शेंड्याला बसून राहिले. त्यांना फार लागलं होतं. आपलं नक्की काय चुकलं, हे त्यांना कळत नव्हतं. दुसरं जंगल बघावं असंही एकदा वाटलं. पण खाली रोज तीच गर्दी, आणि गर्दीत कोणाचंही लक्ष जाळीकडे नाही. पाय निघेना.

आठ दिवसांनी बिबट्या परत आला. या वेळी तो थेट रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. त्याच्या पुढे चंपूवहिनी होती.

"तुमचा पहिला शब्द कोणता?" मागे न बघताच वहिनीने विचारलं.

"मी घाई करत नाही," बिबट्या म्हणाला. "आधी कोण कुठे उभं आहे ते नीट बघतो."

"वा! पद्धत चांगली आहे," वहिनी म्हणाली.

बिबट्याने पंजा उचलला. सकाळीच शब्द ओळखून झाडावर बसलेले हणमंतराव वरून बघत होते. 'सावध' म्हणून झालं होतं. 'पळा' म्हणून झालं होतं. एवढ्यात मुसंडेरावांची धमकी त्यांना आठवली, आणि त्यांचा चेहरा उजळला. एवढी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही!

त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"ऐका हो ऐका! आजचा शब्द मुंगूस! मु वर अनुस्वार, गू दीर्घ, स साधा! मुंगूऽऽस!"

आणि फांदीवरून उडी मारून ते ओढ्यापलीकडे सुटले.

"धराऽऽ!"

एवढी पळापळ त्या जंगलाने कधी पाहिली नव्हती. मुसंडेराव पुढे, चंपूवहिनी त्यांच्या पायांतून, पिसाऱ्याविना हलके झालेले नीळकंठराव सगळ्यांच्या डोक्यावरून. रांग मोडली. ओढा पार झाला. चढ लागला. बिबट्याचा पंजा हवेत तसाच राहिला.

कातळावर आत्या आणि बिबट्या दोघेच उरले. आत्याने काटे फुलवले होते.

"मला बघून पळाले ना?" बिबट्याने विचारलं. त्याचा आवाज जरा पडला होता.

"हो तर," मथूआत्या म्हणाली. "तुलाच बघून, बाबा."

बिबट्याला बरं वाटलं. तो उपाशीच, पण ताठ मानेने निघून गेला.

डोंगरमाथ्यावर हणमंतराव एका कड्याच्या टोकाशी चढून बसले. अंगावर चार दगड बसले होते. कान रक्ताळला होता. खाली सगळे धापा टाकत शिव्या देत होते.

"सगळे आलात का?" हणमंतरावांनी विचारलं.

"सगळे!" मुसंडेराव ओरडले. "एकही मागे राहिला नाही, समजलात?"

"मग ठीक आहे," हणमंतराव म्हणाले, आणि त्यांनी पुढचा दगड चुकवला.

तात्पर्य : जीव वाचवणारी बातमी कोणी ऐकत नाही. लोकांना वाचवायचंच असेल, तर त्यांची मजा घालवावी. ते तुमच्या मागोमाग सुखरूप येतील. फक्त आपण त्यांच्यापेक्षा वेगाने पळावं.