गादीखालचे फोटो

एक्सरे वाचायला डॉक्टर कशाला हवा, असं घाटकोपरचा जयवंत परब छाती ठोकून सांगायचा. लोकांकडे लग्नाचे अल्बम असतात, ह्याच्या गादीखाली एक्सरे होते. पहिला त्याच्या छातीचा, गिरणीतला. मग बायकोच्या मनगटाचा, चाळीच्या नळावर घसरली होती तेव्हाचा. आणि सगळ्यात लाडका मुलाचा, सुयोगचा: पोटात गिळलेले चार आणे, पुनवेच्या चंद्रासारखे! पाहुणा आला की एकेक फोटो खिडकीशी धरायचा आणि चाळ, भोंगा, गेलेली माणसं, सगळं सांगत बसायचा. पाहुण्याच्या चहावर साय यायची.

परवा त्याने गादीखालून गुडघ्याचं पाकीट ओढलं आणि गेला हाडांच्या डॉक्टरकडे. वाटी झिजलीय, हे आधी स्वतःच सांगून टाकलं. डॉक्टरने फिल्म दिव्यावर लावली आणि चष्मा पुसला.

"काका, हा गुडघा नाही. वर नाव श्वेता परब आहे."

श्वेता म्हणजे सून.

डॉक्टरने आवाज उतरवला. ह्याला एचएसजी म्हणतात. मूल राहत नसलं की पिशवीत औषध सोडून फोटो काढतात. मधला पांढरा त्रिकोण म्हणजे गर्भाची पिशवी, बाजूचे दोन दोरे म्हणजे नळ्या. नळी बंद असली की औषध तिथेच अडतं. इथे दोन्हीकडून बाहेर पडलंय, म्हणजे मोकळ्या. बाकीचं तिची डॉक्टर सांगेल, तुम्ही पाकीट गुपचूप जागेवर ठेवा.

जयवंतला आता एकेक आठवलं. गेल्या आठवड्यात पोरगी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती. ॲसिडिटी म्हणाली. आणि हा तेव्हाही तिला, यंदा तरी नातवाचं तोंड दाखव, म्हणून चिडवत होता.

रिक्षा करून घरी आला तर गादी उलटी पडलेली! फिल्म वाकू नये म्हणून सुयोगनेच घरच्या सवयीने ती तिथे सरकवली होती. पाकीट उघडायची नवराबायकोची हिंमत झाली नव्हती, आणि तासाभरात श्वेताच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर होता. श्वेता रडकुंडीला आलेली. बाबांनी खिडकीत धरला असेल, अख्ख्या बिल्डिंगने बघितला असेल, एवढंच म्हणत होती.

जयवंतने पाकीट पुढे केलं. चुकून नेलं, उघडलंसुद्धा नाही, असं त्याने लिफ्टमध्ये चांगलं तीनदा घोकलं होतं. पण पोरीचा चेहरा बघितला आणि सगळं पुसलं गेलं.

"घाबरू नको गो. दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत."

श्वेताने पाकीट घेता घेता वर बघितलं.

"कुठल्या नळ्या, बाबा?"

जयवंतने घाम पुसला.

"माझ्या," तो म्हणाला. "गुडघ्याच्या."